जल्लादाची मान

माझं नाव शकुंतला. पण नाशिकजवळच्या ह्या मखमलाबादमधी मला कोणी शकुंतला म्हणत नाय, रेसलिंगवाली काकू म्हणतात, तोंडावर नाय हां, मी पुढं गेले का मागून म्हणतात आन् हसतात. माझे कान अजून शाबूत हायेत, मला ऐकू येतं. म्हणू द्या. तुम्ही आलात, बसलात, तुम्ही तरी हसू नका ताई, आन् हसायचंच असंल तर आधी चहा घ्या, मंग हसा.

माझं माहेर दिंडोरीकडचं, माळ्याचं घर, कोबी, वांगी, थोडा गहू. वडलांना एकच नाद, कुस्तीचा. स्वतः कव्हा लंगोट लावला नाय, अंगानं नुसती काडी, पण कुठं जत्रा हाय आन् जत्रेला कुस्त्या हायेत असं कानावर पडलं का हातातलं खुरपं तिथंच टाकून माणूस गायब. आई बोलून बोलून दमायची. बायांनी तव्हा कुस्त्यांकडं फिरकायचं नाय, पोरींनी तर त्या लाल मातीला पायबी लावायचा नाय. मंग मी काय करायचे, वडील परत यायची वाट बघायचे. ते यायचे, हातपाय धुवायचे, आन् ओट्यावर वांग्याचं पोतं उभं करून त्याच्याशी ती आख्खी कुस्ती पुन्हा खेळून दाखवायचे. हा असा आला, त्यानं असा हात धरला, आन् मंग काय केलं, सांगा काय केलं, असं आम्हालाच विचारायचे. आई म्हणायची, वांगी चेंगरतील. आम्ही भावंडं पोट धरून हसायचो. पण वडील हरलेल्या पैलवानाचं सोंग लय चांगलं करायचे, जिंकलेल्याचं कोणीबी करंल, पण तो हरलेला कसा उठतो, माती कशी झटकतो, माणसांकडं न बघता कसा कपड्याचं गाठोडं शोधत जातो, ते वडील करायला लागले का माझ्या डोळ्यात पाणी यायचं. तर असं हाय ताई, मी लहानपणी कुस्ती पाहिलीच नाय, मी ती ऐकली. आन् ऐकलेली कुस्ती म्हणजे गोष्ट असती. हे लक्षात ठेवा, कारण पुढं माझं सगळ्यांशी भांडण हाय ते ह्याच्यावरूनच हाय.

लग्न होऊन इथं आले. मालक सातपूरला कंपनीत, शिफ्टवाले, घरी असले का झोपलेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात सासरे, आबा. आबा म्हणजे तालमीचे वस्ताद, गावातल्या पोरांना कुस्ती शिकवायचे, कान दोन्ही चेपलेले, मान अशी बैलासारखी, आन् बोलणं नाय. मी चहा ठेवला का हं म्हणायचे, जेवायला वाढलं का हं म्हणायचे. मला वाटायचं मी काय चुकले का काय. डोक्यावर पदर घेऊन मी आपली झेंडू आन् शेवंतीच्या शेतात, सकाळी फुलबाजारात, दुपारी घरात. वर्षं गेली अशी. दोन लेकरं झाली तरी त्या माणसाशी माझं धड एक वाक्य झालं नव्हतं.

मंग मालकांनी क्रिकेटसाठी केबल घेतली. एक दिवस दुपारी मी फुलं निवडत बसले व्हते, आबा खाटेवर, आन् थोरल्यानं बटणं दाबता दाबता ते फॉरेनचं रेसलिंग लावलं. ते दोरांचं चौकोनी स्टेज, ते उघडे गडी, ते केस, त्या चड्ड्या. मी तर पदरात तोंड घातलं. आबा म्हणाले, काय सोंग हाय हे, बंद कर. पण पोरगं बंद करंना, आन् मी पदरातून एक डोळा बाहेर काढला. काय सांगू तुम्हाला, एक धिप्पाड गडी खाली पडला व्हता आन् तो उठत व्हता, आन् तो उठताना त्यानं एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हातानं दोर चाचपला, मला माझे वडील दिसले. वांग्याच्या पोत्यासमोर. मी फुलं सोडून बघायला लागले. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, अगं सूनबाई, तो बुक्की मारताना पाय आपटतोय बघ. आवाज पायाचा हाय.

सूनबाई म्हणाले मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बघ म्हणाले.

तव्हापासनं ते ठरूनच गेलं. रेसलिंग लागायच्या वेळेला मी फुलांची पाटी घेऊन बसायचे, आबा खाटेवर उठून बसायचे. नावं आम्हाला कुठली बोलता येणार, आम्ही आपली नावं ठेवली. एक व्हता डोंगराएवढा, नुसता उभा राहायचा, त्याला आम्ही नंदी म्हणायचो. एक गोरागोमटा, बायांकडं बघून डोळा मारायचा, तो भाऊजी. आन् एक टकल्या, नाक मोडलेला, कायम हरायचा, लबाडी करून मारायचा, पब्लिक त्याच्या नावानं शिमगा करायचं, तो खाटीक. आता तुम्ही कुठल्याबी पोराला विचारा, तो नंदीचं नाव घेईल नाहीतर भाऊजीचं. माझ्या लेकाकडं त्यांच्या फोटोचे पत्ते व्हते, त्यात नंदी सगळ्यात वरचा. पण आबा म्हणायचे, नंदीला पडता येत नाय. आन् खरंच नाय यायचं. तो पडला का भिंत पडल्यावानी पडायचा, त्यात काय दुःख नाय, काय नाय. आन् खाटीक? तो असा काय पडायचा का समोरचं पोरगं शेंदाडशिपाई असलं तरी वाघ वाटायचं. दहा वर्षं त्या खाटकानं पडून पडून दुसऱ्यांना मोठं केलं, त्याला कव्हा जिंकल्याचा पट्टा मिळाला नाय. मला अजून राग येतो. त्या लोकांना मराठी येत असतं तर मी तव्हाच चार शब्द सुनावले असते.

आन् बायांचं म्हणाल तर ते सांगायचीबी लाज वाटायची. तव्हा बाया आणायच्या त्या कुस्तीला नाय, कपडे दाखवायला. त्या आल्या का आबा पाणी प्यायला उठायचे आन् मी चॅनल बदलायचे, आन् दोघंबी काय झालंच नाय असं करायचो. आता बाया खऱ्या खेळतात, गड्यांच्या वरताण खेळतात, शेवटची मोठी कुस्ती बायांची असती कव्हा कव्हा. पण आता बघायला आबा नायेत. हे असं.

मला सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू, ते लोक येतात आन् म्हणतात, काकू, ते खोटं असतं. असं म्हणतात जसं काय मला नवीन बातमी दिली. अरे बाबा, मला पहिल्याच आठवड्यात कळलं व्हतं, वस्ताद बसला व्हता शेजारी. तुझी बायको रोज संध्याकाळी सिरियल बघती, त्यातली सासू खरी हाय का, तिला जाऊन सांग ना खोटं हाय म्हणून. आन् दुसरं असं का जिंकणं-हरणं ठरलेलं असतं हे खरं, पण पडणं खरं असतं. जमीन खरी असती ना? जमिनीला कोणी सांगितलेलं नसतं का आज हळू लाग म्हणून. मी हे शंभरदा बोलले, जावांना, नणंदेला, फुलबाजारातल्या बायांना. त्या मान हलवतात आन् म्हणतात, शेवंती काय भाव.

तर आता मुद्द्याचं सांगते. लेकरं शाळेत व्हती तव्हाची गोष्ट. सातपूरला भिंतींवर मोठे कागद लागले, फ्री स्टाईल कुस्त्यांचा जंगी सामना, किंग दिग्विजय विरुद्ध मास्कवाला जल्लाद. त्या वेळी आपल्याकडच्याबी कंपन्या व्हत्या तसल्या, गावोगाव फिरायच्या, मैदानात स्टेज बांधायच्या, सर्कशीसारखं. मालक म्हणाले, बाईमाणूस कशाला तिथं. आबा म्हणाले, ती माझ्यासंगं येती. मालक शिफ्टला निघून गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा कुस्ती बघायला गेले ती अशी, सासऱ्यासंगं, डोक्यावर पदर घेऊन, आन् बायांमधी आम्ही तीन-चारच असू, त्यातल्या दोघी शेंगा विकणाऱ्या.

पहिल्या दोन-तीन कुस्त्या झाल्या चिल्लर. मंग दिग्विजय आला, पांढरी शुभ्र चड्डी, छाती तेलानं चमकती, पब्लिक वेडं झालं. दिसायला छान व्हता, खोटं कशाला बोलू. आन् मंग जल्लाद आला, काळा मास्क, मागून नाडीनं बांधलेला, काळे कपडे. लोकांनी उसाची चिपाडं फेकली, शेंगांची टरफलं फेकली, आईबहिणीवरून शिव्या. जल्लादानं कोणाला बुक्की दाखवली, कोणावर थुंकल्यासारखं केलं, मीबी ओरडत व्हते, मर मेल्या म्हणून. शेजारी आबाबी हसत व्हते. मंग तो दोराखालून वाकून आत गेला, आन् आत जाताना त्यानं उजवा हात खाली टेकवला आन् मास्कवरून कपाळाला लावला, झटकन, कोणाला दिसू नये असा. आबांचं हसू थांबलं. तो उभा राहिला, डावा पाय पुढं, टाच थोडी उचललेली. आबांनी माझ्या हाताला धरलं, सासऱ्यानं सुनेचा हात कव्हा धरलेला पाहिलाय का तुम्ही, आन् म्हणाले, सूनबाई, हा माझा निवृत्ती हाय.

निवृत्ती कोण ते सांगायला पाहिजे. मी लग्न होऊन यायच्या आधी तालमीत एक पोर व्हता, त्र्यंबक रस्त्याकडच्या गावचा, आबांचा सगळ्यात लाडका. बाप मेलेला, घरी आई आन् लहान बहिणी. तालमीत मान मिळतो ताई, नारळ मिळतो, फेटा मिळतो, पण पैलवानाला दूध लागतं, बदाम लागतात, त्याच्या बहिणींना भाकर लागती. त्याला ह्या फ्री स्टाईलवाल्यांनी बोलावलं आन् तो गेला. जायच्या आधी पाया पडायला आला तव्हा आबांनी त्याचा लंगोट तालमीच्या दाराबाहेर फेकला. पैसे घेऊन पाठ टेकणारा माझा पोर नाय म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नको. हे मला घरात दुसऱ्यांनी सांगितलेलं, आबा त्याचं नाव घ्यायचे नायत.

आता कुस्ती ऐका. जल्लादानं त्या दिग्विजयला असा काय खेळवला का मी बघतच राहिले. दिग्विजयला दोनच गोष्टी यायच्या, हात वर करायचे आन् लाथ मारायची. बाकी सगळं जल्लाद करत व्हता. दिग्विजयनं धरलं का स्वतः उडायचा, लाथ लागायच्या आधी पोट आत घ्यायचा, मधीच दिग्विजयचा कान धरून त्याला काहीतरी सांगायचा, पब्लिकला वाटायचं कान उपटतोय. आबा पुटपुटत व्हते, शिकवतोय त्याला, अजून शिकवतोय. मंग शेवट आला. जल्लाद उताणा पडला आन् दिग्विजय कोपऱ्यातल्या दोरावर चढला, वरून उडी मारायला. आन् त्याचा पाय घसरला. उडी नाय झाली ती, तो डोक्यावर यायला लागला सरळ. पब्लिकला काय कळतंय, पब्लिक ओरडतंय. पण तो जल्लाद, ज्यानं मेल्यासारखं पडायचं व्हतं, तो सरकला. बाजूला नाय सरकला, त्याच्या खाली सरकला. दिग्विजय आख्खाच्या आख्खा त्याच्या छातीवर आन् मानेवर आला. कडकन आवाज झाला, तो पायाचा नव्हता.

आबा उभे राहिले. मागून लोक ओरडले, बाबा खाली बसा, दिसत नाय. आबा बसंनात.

आन् निवृत्तीनं कुस्ती पुरी केली ताई. तो तसाच पडून राहिला, पंचानं हात आपटून मोजलं, दिग्विजयनं हात वर केले, फटाके लागले, आन् मंग दिग्विजय त्याचा मास्क ओढायला लागला, तसं ठरलेलंच असणार, आन् हा दोन्ही हातांनी तोंड झाकून, मान एका बाजूला वाकडी ठेवून पळाला. लोक हसले. त्यांना वाटलं घाबरून वाकडा पळतोय.

आम्ही मंडपाच्या मागं गेलो. तिथला माणूस सोडंना, आबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो बाजूला झाला. निवृत्ती लोखंडी खुर्चीवर पाठ करून बसला व्हता, मास्क तसाच, मानेवर बर्फाचा टॉवेल. आबा म्हणाले, निवृत्ती. तो उठायला गेला, उठता येईना. तसाच समोर बघत म्हणाला, वस्ताद, पुढून या, मला मागं बघता येत नाय. आबा पुढं गेले. म्हणाले, काढ ते. निवृत्ती म्हणाला, तुम्हीच म्हणाला व्हता तोंड दाखवू नको. टोमणा नव्हता हां तो, खरंच विचारल्यासारखं म्हणाला, काढू का? आबा खाली मातीतच बसले, चेल्याच्या पायापाशी, आन् म्हणाले, त्याचा पाय घसरला. निवृत्ती म्हणाला, हां. आबा म्हणाले, तू सरकला नसता तर तो गेला असता. निवृत्ती म्हणाला, नवीन पोर हाय वस्ताद, वरून उडी मारू नको म्हणून मी लय सांगितलं, पण कंपनीच्या मालकाला उडी पाहिजे व्हती. आबा उठले, त्याच्या मागं गेले, आन् नाडी सोडायला लागले, गाठ सुटंना, मंग मी दातानं सोडवली ती गाठ. आतून एवढासा चेहरा निघाला, घामानं भिजलेला, कानाकडं चार केस पांढरे. आबांनी मान चोळायला हात लावला आन् लगेच काढला. म्हणाले, हे माझ्या हातचं नाय, हाडाचं हाय, दवाखान्यात चल. मी रिक्षा बोलावली आन् आम्ही त्याला घेऊन गेलो. दिग्विजय? तो बाहेर गाडीच्या टपावर उभा राहून हार घालून घेत व्हता. एकदा तरी आत येऊन बघायचं ना माणसानं.

दिवाळीपर्यंत निवृत्तीभाऊ आमच्याकडंच व्हते, मानेला पट्टा. आबा त्यांना स्वतःच्या हातानं दूध द्यायचे. दुपारी आम्ही तिघं रेसलिंग बघायचो. तो माझा सुखाचा काळ म्हणाल तर तोच. निवृत्तीभाऊ सांगायचे, वहिनी, हा पडतोय ते बघा, हनुवटी छातीला लावली, डोकं वाचलं. वहिनी, हा ओरडतोय ते दुखलं म्हणून नाय, समोरच्याला सांगतोय का मी तयार हाय. आबा म्हणायचे, चितपट होणं म्हणजे हरणं एवढंच मी पोरांना शिकवलं, पडायचं कसं ते शिकवायला पाहिजे व्हतं. आन् मला ते काय म्हणायचे माहितीये, सूनबाईला नजर हाय. वस्तादानं म्हणायचं हे. पण ऐकायला घरात आम्हीच तिघं.

पुढं त्या आपल्याकडच्या कंपन्या बंद पडल्या, टीव्हीवर फॉरेनचं रोज फुकट दिसायला लागल्यावर मैदानात कोण जाणार. निवृत्तीभाऊंनी त्र्यंबक रस्त्याला रसवंती टाकली, देवाला जाणारी माणसं थांबतात, रस पितात. मान काय पूर्ण बरी झाली नाय. मागून हाक मारली का नुसती मान फिरत नाय, आख्खा माणूस फिरतो, ग्लासासकट. गिऱ्हाईकांना वाटतं अकडू हाय. आबा गेले. मालक रिटायर झाले. आन् रेसलिंग बिघडलं. बिघडलंच म्हणायचं. आधी ते लोक माईक घेऊन बोलायला लागले, अर्धा तास बोलणं आन् दोन मिनिटं कुस्ती. मंग नुसता धूर आन् लायटी. आता तर काय, माकडासारख्या कोलांट्या, एक पडला का पाणी प्यायच्या आत उठतो. अरे पडलाय ना तू, दुखू दे जरा, आम्हाला बघू दे. आन् आताची पोरं ते मोबाईलवर बोटभर तुकड्यात बघतात, उडी बघितली का पुढं. उडीच्या आधी काय झालं कोणाला नको, उडीच्या नंतर तो कसा उठला कोणाला नको.

आता मागच्या साली काय झालं ते सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलंय ते कळंल. तालमीचा नवीन हॉल झाला, मातीच्या जागी मॅट आली, चांगलं झालं, मी वाईट म्हणत नाय. भिंतीवर तालमीच्या सगळ्या जुन्या पैलवानांचे फोटो लावले, आबांचा मधोमध. निवृत्तीभाऊंचा नाय. आन् उद्घाटनाला पाहुणा कोण आणावा? दिग्विजय. आता तो पुढारी हाय, पोट सुटलंय, गळ्यात सोनं. मी पुढं बायांच्या खुर्च्यांवर, निवृत्तीभाऊ मागं भिंतीला टेकून उभे. दिग्विजयनं भाषण केलं, का ह्याच नाशिकमधी मी त्या जल्लादाला धूळ चारली, दोरावरून अशी उडी घेतली का त्याची मान मोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई, माझ्या अंगाची आग झाली. मी उठले. म्हणाले, साहेब, एक विचारू का, त्या मास्कमधी कोण व्हतं? तो हसला, म्हणाला, मावशी, एवढ्या मोठ्या कंपनीत कोण कोण असायचं, असंल मुंबईचा कोणीतरी. आता विचार करा. ज्यानं खाली सरकून ह्याची मान वाचवली त्याचं नाव ह्याला माहीत नाय. मी म्हणाले, तो माणूस इथंच हाय, ह्याच तालमीचा हाय, आन् तुमचा पाय घसरला व्हता. लोक हसायला लागले. सेक्रेटरी पळत आला, काकू बसा, काकू बसा, पाहुण्यांसमोर काय हे. माझ्या लेकानं मान खाली घातली. मी म्हणाले, मागं बघा ना, ते बघा निवृत्तीभाऊ. सगळ्यांनी मागं बघितलं तर भिंतीपाशी कोणीच नव्हतं. ते निघून गेलेले.

मी तशीच बाहेर, चप्पल कुठली घातली तेबी कळलं नाय. रस्त्यात गाठलं. म्हणाले, भाऊ, तुम्ही बोलत का नाय? एक शब्द बोलायचा ना. ते आख्खे फिरले आन् म्हणाले, वहिनी, त्याला आजपण कळलं नाय का आपण घसरलो व्हतो, म्हणजे मी काम बरं केलं व्हतं. असं म्हणून हसले. लोकांना ही गोष्ट सांगितली का लोक म्हणतात वा वा, काय मोठं मन. मी नाय म्हणत वा वा. मला पटत नाय ते. मी त्यांना तिथंच रस्त्यात म्हणाले, हे तुमचं मोठं मन तुमच्यापाशी ठेवा, वाकडी मान तुमची हाय, फोटो त्याचा लागलाय. खरंच लागलाय हो, पाहुणा म्हणून त्याचाबी फोटो लावला भिंतीला, उडी मारतानाचा.

तव्हापासनं मी त्या सेक्रेटरीच्या मागं हाय. निवृत्तीभाऊंचा फोटो लावा. पहिल्यांदा म्हणाला, मिटींगमधी ठेवतो. मंग म्हणाला, काकू, ते ठरवून हरायचे हो, तालमीची शान जाती. मी म्हणाले, तुझ्या भिंतीवरचे निम्मे खरे हरलेत, त्यांची शान गेली का? आता तो मला बघून रस्ता बदलतो. मालक म्हणतात, सोड ना आता, तुला काय मिळणार. सून म्हणती, आई, तुमचं बीपी वाढतं. वाढू दे. नागपंचमीला तालमीत पूजा असती, तव्हा सगळे हजर असतात, मी पुन्हा विचारणार हाय. लावतील असं मला वाटत नाय, खरं सांगते. निवृत्तीभाऊ आबांचे चेले नायतच असं सगळे करतात, आन् आबा सांगायला नायेत, आन् माझ्या सांगण्याला काय किंमत, रेसलिंगवाली काकू.

निवृत्तीभाऊ येतात अजून. रविवारी रसवंती लवकर आवरून बायकोला घेऊन येतात, मी त्यांची खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर मांडते, जरासुद्धा तिरकी नको, मान वळत नाय ना. आन् तिथंबी आमचं भांडण. मी आताच्या पोरांना नावं ठेवते आन् हा माणूस त्यांची बाजू घेतो. नाय वहिनी, चांगला हाय तो. नाय वहिनी, त्याला जमंल अजून. मी म्हणते, अहो काय चांगला, नुसत्या कोलांट्या. तर परवाच्या रविवारी असंच एक पोरगं दोरावर चढलं, कुठल्या देशाचं, कोणाचं, नावबी मला बोलता येत नाय, आन् त्यानं वरून मागं कोलांटी घेतली. मी तोंड उघडलं व्हतं नावं ठेवायला. पण माझं लक्ष टीव्हीकडं नव्हतं, निवृत्तीभाऊंकडं व्हतं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरलेले, श्वास रोखलेला, हनुवटी आपोआप छातीला लावलेली, जसं काय तेच पडतायत. पोरगं पडलं, नीट पडलं. यांनी श्वास सोडला आन् हळूच म्हणाले, वाचला. मी चहा ठेवायला उठले. आता ह्या माणसाशी काय भांडायचं ताई, तुम्हीच सांगा.